प्रयागचा डबा

डब्यावर कोरलंय :
चि. सौ. कां. प्रयाग हिस, आत्याकडून, १९८७.
आमच्यात प्रयाग कुणीच नाही.
मी महानंदा, ती तस्लीम,
तिसरी झमकू, तांड्यावरची.
कुणाच्या लग्नातून, कुणाच्या बारशातून
तो कुणाच्या पिशवीत चुकून आला,
तस्लीम म्हणते तुझ्याकडून, मी म्हणते हिच्याकडून,
झमकू काहीच म्हणत नाही,
सुईत दोरा ओवते.

मानवतला दुपारी अडीचला लाइट जाते.
तस्लीमचं फॉल-पिकोचं मशीन मग नुसतं लोखंड.
आम्ही दुकानाच्या उंबऱ्यात बसतो
आणि एकमेकींचं उसवलेलं बघतो.

मी उशिरा शिकले शिवायला, पेन्शन बसल्यावर.
पहिल्याच पिशवीला चेन उलटी लागली,
खटका आतल्या बाजूला,
दोन बोटं घालून ओढावा लागे.
झमकूनं तीच मागून घेतली.
"पैसे ठेवीन," म्हणाली, "चोराला घावायचं न्हाई."

त्या पिशवीपायी डबा आला माझ्याकडे.
आत भुरका, लसणाचा, तेलात लालभडक.
पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी,
दुसऱ्याला नाकातून,
तिसऱ्याला बघते तर भाकरी संपलेली.

रिकामा डबा कसा द्यायचा माघारी?
धपाटे केले. काठ जळाले, तेच खाली घातले,
वरचे दोन चांगले.
तस्लीमकडून दालचा आला, दुधी घातलेला, चिंच पुढं.
मी माळकरी, म्हणून वेगळ्या पातेल्यात,
पळीसुद्धा नवी.
हे तिनं नाही सांगितलं,
तिच्या नातवानं सांगून टाकलं, पळीची किंमतही.

झमकूनं माझ्या अभ्र्याला आरसे लावले,
तिच्या आईच्या जुन्या कांचळीचे, फुटके वगळून.
कूस बदलली की गालाला टोचतात.
मी आता एकाच कुशीवर झोपते.

भांडणही झालं. चांगलं दीड महिना.
ब्लाऊजची बाही दंडाला काचत होती;
मी म्हणाले, तुझं माप चुकलं,
ती म्हणाली, माप तेच आहे, दंड बघ.
डबा तेव्हा झमकूकडं होता.
तिनं तो कुणालाच दिला नाही,
फळीवर उपडा घालून ठेवला.
सोमवारच्या बाजारात मला म्हणाली,
"प्रयाग रुसलीय."
तस्लीमलाही तेच म्हणाली, गुरुवारी.
हसलो दोघीही,
तीन दिवसांच्या अंतरानं.

भांडेवाला म्हणाला, घासून देतो हे नाव,
तुमची तिघींची कोरतो.
पण आधी कुणाचं? आणि मावणार कशी?
राहू दे म्हणालो.

सध्या उरल्यासुरल्या तुकड्यांची वाकळ चाललीय :
तस्लीमच्या गिऱ्हाइकांचे काठ,
माझ्या ऑफिसच्या साड्या,
झमकूच्या फेटियाची लाल पट्टी.
मधे एक चौकोन कोरा आहे, मांजरपाटाचा.
तिथं काय जोडायचं ठाऊक नाही.
कुठं असेल ती? वसमतला? जिंतुरात?
एखाद्या दुपारी फळीवर हात फिरवत
सुनेला विचारत असेल,
"इथं एक डबा होता गं, झाकण घट्ट बसायचं त्याचं."

(बसत नाही आता. रबर लावतो.)

परवा तस्लीमच्या लेकीला मुलगी झाली, नांदेडला.
मी झबलं शिवलं, जुन्या मऊ धोतराचं.
गुंड्या नाहीत, टोचतील.
नाड्या लावल्या, तीनदा उसवून, अखेर सरळ.
डबा घासला, राखेनं, मग साबणानं,
दिवसभर उन्हात पालथा घातला,
झबल्याची घडी ठेवली आणि तस्लीमच्या हाती दिला,
ती निघाली होती गाडीला.

रात्री फोन आला.
"महानंदा, इसमें पयले क्या रखी थी?"
येसर, म्हटलं. मागच्या आठवड्यात.
का गं? वास येतोय? धुऊन घे की.

"दो बार धोई," ती म्हणाली. "नईं जाता."
मागं लेकरू शिंकलं.